कारागिरांच्या गावाची रोजकीर्द

नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, लक्सर शहराच्या समोर, उन्हाने भाजून निघालेल्या डोंगरांच्या बेचक्यात एक निर्जन गाव आहे. तेथे विहीर नाही, सावलीचे झाड नाही, शेताचा तुकडाही नाही. कमरेएवढ्या उंचीच्या दगडी भिंती, मधून जाणारी अरुंद गल्ली आणि तिच्या दोन्ही अंगांना एकमेकांस खेटून बांधलेल्या घरांचे चौथरे, एवढेच आज पाहणाऱ्याच्या दृष्टीस पडते. गावाचे आजचे नाव दैर अल्-मदीना. अरबी भाषेत 'दैर' म्हणजे मठ. शेजारच्या जुन्या देवळात पुढे ख्रिस्ती साधूंनी मठ वसविला, त्यावरून हे नाव पडले. मूळचे रहिवासी मात्र आपल्या वस्तीला 'सत्याचे स्थान' म्हणत असत.

लक्सरला येणाऱ्या प्रवाशांच्या गाड्या बहुधा या गावाजवळून पुढे निघून जातात. त्यांना ओढ असते ती डोंगरापलीकडील राजांच्या दरीची, तूतनखामून आणि रामेसिस या राजांच्या थडग्यांची. पण ती थडगी ज्यांनी खोदली, त्यांच्या भिंतींवर ज्यांनी देवदेवता रंगविल्या, ते पाथरवट, शिल्पी, चित्रकार, सुतार आणि लेखनिक याच गावात राहत होते. इ.स.पू. १६व्या शतकाच्या अखेरीपासून इ.स.पू. ११व्या शतकापर्यंत, सुमारे साडेचार शतके, पिढ्यान्‌पिढ्या बापाचे काम मुलाने करावे अशा रीतीने ही वस्ती नांदली. भरभराटीच्या काळात गावकुसाच्या आत ६८ घरे होती. कामगारांच्या 'उजवी' आणि 'डावी' अशा दोन तुकड्या असत, प्रत्येक तुकडीवर एक मुकादम असे, आणि सगळ्यांचा हिशेब ठेवण्यासाठी एक सरकारी लेखनिक. आठवडा दहा दिवसांचा. कामाच्या दिवसांत मंडळी डोंगराची पायवाट चढून जात आणि रात्री वरच्या खिंडीतल्या दगडी झोपड्यांतच मुक्काम करीत. सुट्टीला घरी परतत. पिण्याचे पाणीसुद्धा गाढवांवर लादून खालच्या खोऱ्यातून आणावे लागे, आणि त्यासाठी वेगळे पाणके नेमलेले असत.

मजुरी पोत्यांत, भाव तांब्यात

या गावाने पाणी मिळावे म्हणून वस्तीच्या बाहेर एक प्रचंड खड्डा खणला होता. सुमारे ५० मीटर खोल जाऊनही पाणी लागले नाही. तेव्हा गावकऱ्यांनी त्या खड्ड्याचा उपयोग उकिरड्यासारखा केला. इ.स. १९२२ ते १९५१ या काळात बर्नार यांच्या, म्हणजे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बर्नार ब्रुयेर यांच्या देखरेखीखाली या परिसराचे उत्खनन झाले, आणि त्याच्या अखेरच्या वर्षांत या खड्ड्यातून हजारो लेखांकित खापऱ्या व चुनखडीच्या कपच्या वर आल्या. पपायरसचा कागद महाग. कपची मात्र पायाखाली फुकट पडलेली. म्हणून चिठ्ठीचपाटी, उधारी, हजेरी, पावती, सगळे काही या कपच्यांवर लिहिले जाई आणि गरज संपली की फेकून दिले जाई. राजांनी आपले नाव राहावे म्हणून डोंगर पोखरले. या लोकांचे जगणे टिकले ते टाकून दिलेल्या कपच्यांवर.

ज्यांच्या घरात रोजकीर्द आणि खतावणी लिहिण्याची परंपरा आहे, त्यांना या नोंदी वाचताना परकेपणा वाटणार नाही. त्या काळी इजिप्तमध्ये नाणे नव्हते. मजुरी धान्यात मिळे. साध्या कामगारास महिन्याकाठी चार पोती गहू आणि दीड पोते जव, मुकादमास एकूण साडेसात पोती. हे पोते सुमारे ७७ लिटर मापाचे असे. यातला गहू म्हणजे सांगली-साताऱ्याकडे आजही पिकणारा खपली गहू. जवाची बहुतेक मद्यार्क-पेये बनत, गव्हाच्या भाकऱ्या होत, आणि घरात पुरून उरलेले धान्य देऊन बाकीच्या वस्तू घेतल्या जात. व्यवहारात किंमत ठरविण्यासाठी तांब्याच्या वजनाचा आधार घेत. या वजनास 'देबेन' म्हणत. ते सुमारे ९१ ग्रॅमचे होते. प्रत्यक्षात तांबे हातात पडलेच पाहिजे असे नव्हते. एखादे गाढव ३० देबेनच्या आसपास ठरले, की घेणारा त्या मोलाचे कापड, तेल, टोपल्या आणि थोडे धान्य मिळून हिशेब पुरा करी. म्हणजे माल मालाने चुके, पण वही मात्र तांब्यात लिहिली जाई.

हजेरीचे पत्रकही असे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चुनखडीचा एक मोठा तुकडा आहे. दुसऱ्या रामेसिसच्या कारकिर्दीच्या ४०व्या वर्षातील सुमारे ४० कामगारांच्या गैरहजेरीची नोंद त्यावर आहे, आणि प्रत्येक खाड्याच्या वर लाल शाईने कारण दिले आहे. कोणी आजारी होता, कोणाला विंचू चावला होता, कोणी आईच्या अंत्यविधीत गुंतला होता, तर कोणी घरी मद्य गाळत बसला होता. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या पेढीवरील मुनीमजींनी लिहावे, तसे हे पत्रक आहे.

उधारीच्या नोंदींत सर्वांत बोलकी आहे ती मेन्ना नावाच्या कामगाराची. ती कपची आज शिकागो येथील संग्रहात आहे. मेन्नाने तिसऱ्या रामेसिसच्या १७व्या वर्षी पहारेकऱ्यांचा प्रमुख मेन्तमोस यास ताज्या चरबीचे एक मडके उधार दिले. मोबदल्यात जव देईन, माझा भाऊ त्यास जामीन आहे, असे मेन्तमोसने सांगितले. जव आले नाहीत. मेन्नाने गावच्या न्यायसभेपुढे तीनदा तक्रार केली. चौथ्या रामेसिसचे तिसरे वर्ष उजाडले, म्हणजे मध्ये सुमारे १८ वर्षे लोटली, तरी येणे तसेच होते. अखेर मेन्तमोसने राजाच्या नावाने शपथ घेतली, की ठरल्या महिन्याच्या आत फेड केली नाही तर १०० फटके सोसीन आणि दामदुप्पट देईन. नोंद या शपथेपाशी थांबते. ऋणको पोलीसप्रमुख आणि धनको साधा कामगार. तरी धनकोने आपला दावा १८ वर्षे जिवंत ठेवला आणि सभेने तो ऐकून घेतला. गावाच्या नावात 'सत्य' का होते, याची थोडी कल्पना येथे येते.

एका आईचे मृत्युपत्र

याच गावात नाउनख्ते नावाची स्त्री राहत होती. तिचा पहिला विवाह वयाने खूप मोठ्या असलेल्या एका लेखनिकाशी झाला. त्यास पुस्तकांचा नाद होता. मूल झाले नाही. त्याच्या मृत्यूनंतर तिने एका कामगाराशी विवाह केला आणि आठ मुलांना वाढविले. थोरपणाची गोष्ट अशी, की पहिल्या पतीचे नाव तिने आपल्या एका मुलास दिले.

पाचव्या रामेसिसच्या तिसऱ्या वर्षी, इ.स.पू. ११४५च्या सुमारास, ही वृद्ध झालेली स्त्री स्वतः न्यायसभेपुढे उभी राहिली आणि तिने आपले मृत्युपत्र लिहवून घेतले. तो पपायरस आज ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात आहे. तिचे म्हणणे सरळ होते. आठही मुलांना तिने वाढविले, त्यांचे संसार मांडून दिले, जे द्यावयाचे ते दिले. आता ती थकली, तेव्हा ज्यांनी तिला हात दिला त्यांना तिच्या मालमत्तेतील वाटा मिळेल. ज्यांनी दिला नाही त्यांना मिळणार नाही. ज्या मुलाने विशेष सेवा केली, त्यास तिने इतरांहून जास्त म्हणून धातूचे एक धुण्याचे पात्र दिले. तो मुलगा म्हणजे पहिल्या पतीचे नाव धारण करणाराच.

यात एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. पतीच्या वाट्याच्या मालमत्तेवर तिने हात टाकला नाही. बापाच्या दोनतृतीयांश भागातून त्या मुलांना जे मिळावयाचे ते मिळेलच, असे तिने नमूद केले. स्वतःच्या एकतृतीयांशावर आणि वडील व पहिल्या पतीकडून आलेल्या मालमत्तेवर मात्र तिचा अधिकार पूर्ण होता, आणि तो तिने बजावला. म्हणजे राग होता, पण त्या रागातही हिशेब चुकलेला नाही. पुढे पती आणि मुले सभेपुढे आली आणि हे मृत्युपत्र आपणांस मान्य असल्याचे त्यांनी सांगितले. वृद्ध मातापित्यांचा प्रश्न हा आजच्या घाईगर्दीच्या युगाने जन्माला घातला, असे मानणाऱ्यांनी हा कागद अवश्य स्मरणात ठेवावा.

भुकेल्यांचा ठिय्या

सरकारी धान्यावर जगणाऱ्या गावाचे दैव सरकारी कोठारास बांधलेले असते. तिसऱ्या रामेसिसच्या २९व्या वर्षी, इ.स.पू. १२व्या शतकाच्या मध्यास, कोठारे वेळेवर उघडेनाशी झाली. राजधानीत राजाच्या तीस वर्षांच्या महोत्सवाची तयारी सुरू होती; इकडे कारागिरांच्या घरी पीठ संपले होते. महिन्याचे १८ दिवस उलटून गेले तरी धान्य आले नाही, तेव्हा सगळे कामगार हत्यारे ठेवून निघाले, पहाऱ्याच्या पाच भिंती ओलांडून एका राजाच्या देवळामागे जाऊन बसले. अधिकारी आले, समजावू लागले. कामगार हलले नाहीत. भूक आणि तहान यांमुळे आम्ही येथे आलो. अंगावर कापड नाही, तेल नाही, भाजी नाही. हे राजास कळवा, असे त्यांनी सांगितले. पुढील दिवसांत ते आणखी देवळांत जाऊन बसले. अखेर थकलेले धान्य मिळाले. पण ते एकदाच. पुढचा महिना पुन्हा चुकला, आणि ठिय्या पुन्हा झाला.

ही सारी हकीकत ज्या पपायरसवर लिहिली आहे, तो संपाची जगातील सर्वांत जुनी ज्ञात नोंद मानला जातो. ती आमेननख्त या लेखनिकाच्या हातची समजली जाते. आमेननख्त सरकारी नोकर. तरीही त्याने कामगारांचे म्हणणे गाळले नाही आणि अधिकाऱ्यांची आश्वासनेही तारीखवार टिपून ठेवली. याच हकीकतीत पहारेकऱ्यांचा प्रमुख मेन्तमोस येतो, बहुधा मेन्नाचे जव बुडविणारा तोच. येथे तो कामगारांच्या बाजूने उभा आहे: हत्यारे गोळा करा, दारे लावा, बायकामुलांना बरोबर घ्या, मी तुमच्या पुढे चालतो, असे तो म्हणतो. एका मडक्याची उधारी न फेडणारा माणूस उपाशी गावापुढे ढाल होऊन चालतो. दोन वेगळ्या नोंदी मिळाल्या नसत्या, तर त्याचा अर्धाच चेहरा इतिहासास दिसला असता.

तुरीनचे दालन

संपाचा हा पपायरस पाहावयाचा तर इटलीतील तुरीन शहरी जावे लागते. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी, पो नदीच्या काठी वसलेले हे शहर मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण त्याच्या मध्यवर्ती भागातील एका १७व्या शतकातील वाड्यात जगातील सर्वांत जुने इजिप्तविषयक संग्रहालय आहे. बेर्नार्दीनो द्रोवेत्ती हा तुरीनजवळच जन्मलेला गृहस्थ इजिप्तमध्ये फ्रान्सचा वकील होता. त्याने जमविलेल्या ५,०००हून अधिक वस्तू इ.स. १८२४ साली सार्डिनियाचा राजा कार्लो फेलीचे याने विकत घेतल्या आणि संग्रहालयाचा पाया घातला गेला. त्याच वर्षी शांपोल्यों तेथे आला. दोनच वर्षांपूर्वी त्याने इजिप्तची चित्रलिपी उलगडली होती, आणि तिच्या वाचनासाठी इतके कागद त्यास दुसरीकडे कोठेही मिळाले नसते. इ.स. २०२४ मध्ये संग्रहालयाने द्विशताब्दी साजरी केली.

तेथील एक दालन पाहणाऱ्याची पावले खिळवून ठेवते. तेथे दैर अल्-मदीनाच्या एका जोडप्याचा संपूर्ण संसार मांडलेला आहे. पुरुषाचे नाव खा. मराठी कानास ते गमतीचे वाटेल. त्याच्या पत्नीचे नाव मेरित. खा हा इ.स.पू. १४००च्या सुमारास, तीन राजांच्या कारकिर्दींत, राजथडग्यांच्या बांधकामाचा प्रमुख होता. संग्रहालयाचे संचालक एर्नेस्तो स्कियापारेल्ली यांच्या पथकाने फेब्रुवारी १९०६ मध्ये त्याचे थडगे शोधले. लाकडी दरवाजा बंद होता, आणि आत चोराचा हात पोहोचला नव्हता.

आत काय होते? पलंग, तिवया, पेट्या. निरनिराळ्या आकारांच्या भाकऱ्या, कांदे, लसूण, खजूर. घडी घालून ठेवलेली वस्त्रे, आणि धोब्याकडे अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांवर घातलेल्या खुणा. मेरितचा केसांचा टोप, स्वतंत्र लाकडी पेटीत, अजून चमक न गेलेला. खाची मोजपट्टी, बिजागरीवर दुमडून चामड्याच्या म्यानात ठेवण्याजोगी. तिच्या शेजारी सोन्याने मढविलेली दुसरी मोजपट्टी, राजाने सन्मान म्हणून दिलेली. पहिलीवर रोजचे काम झाले. दुसरी केवळ मिरविण्यापुरती. कोणत्याही कसबी माणसास या दोहोंतील कोणती अधिक मोलाची, हे विचारावे लागणार नाही.

मेरित आधी गेली, तरुण वयात. तिच्यासाठी शवपेटी तयार नव्हती. तेव्हा खाने स्वतःसाठी करविलेली पेटी तिला दिली. ती मापाने मोठी झाली, म्हणून मोकळ्या जागेत कापडाच्या घड्या भरल्या. पेटीवर नाव अजूनही खाचेच आहे. या वस्तूवर कोणताही शोकलेख कोरलेला नाही. ती न बसणारी पेटी आणि त्या घड्याच सारे सांगून जातात.

न उलगडलेले कापड

या दालनाविषयी दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिला असा, की हे थडगे अवघ्या काही दिवसांत रिकामे करण्यात आले. कोणती वस्तू नेमकी कोठे होती याची तपशीलवार नोंद झाली नाही. सोळा वर्षांनी हॉवर्ड कार्टर यांना तूतनखामूनचे थडगे सापडले, तेव्हा त्यांनी तेथील वस्तू नोंदवून बाहेर काढण्यास सुमारे दहा वर्षे घेतली. दुसरा आक्षेप असा, की एका नाईलकाठच्या जोडप्याने आल्प्सच्या पायथ्याशी काचेआड का असावे? त्या काळच्या वाटणीच्या नियमाने इजिप्तच्या पुराणवस्तू खात्यानेच बहुतेक सर्व वस्तू तुरीनला जाऊ दिल्या, हे खरे. पण कायदेशीर झाले म्हणून प्रश्न संपतो असे नाही.

त्याबरोबर दुसरी बाजूही तोलावी लागते. इ.स. १८८६ मध्ये याच गावातील सेन्नेजेम नावाच्या कारागिराचे असेच अखंड थडगे सापडले होते. त्याच्या कुटुंबाच्या वस्तू कैरो, न्यूयॉर्क, बर्लिन अशा कितीतरी ठिकाणी विखुरल्या. खा आणि मेरित यांचा संसार मात्र एकत्र राहिला. आणि स्कियापारेल्ली यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळली: दोघांच्या देहांवरील कापड त्यांनी सोडविले नाही. त्या काळी युरोपात ममी उलगडणे ही करमणूकही होती. पुढे क्ष-किरणांनी कापडाच्या आत पाहिले गेले, आणि खाच्या गळ्यात राजाने दिलेला सोन्याचा कंठा, मेरितच्या अंगावर तिचे दागिने, सर्व जागच्या जागी दिसले. जे माहीत करून घ्यावयाचे ते झाले, आणि ज्यास हात लावावयाचा नाही त्यास हात लागला नाही. संग्रह करणाऱ्याची खरी कसोटी त्याने काय मिळविले यात जितकी असते, तितकीच त्याने काय न उघडता ठेवले यातही असते.

खाच्या थडग्यात सुमारे १४ मीटर लांबीची पपायरसची गुंडाळी होती. अशा गुंडाळ्यांत परलोकीच्या न्यायसभेचे चित्र असते. मृताचे हृदय तराजूच्या एका पारड्यात, दुसऱ्या पारड्यात सत्याच्या देवतेचे एक पीस. मृताने जी पापे केली नाहीत असे सांगावयाचे, त्यांत मापात घट न केल्याचे आणि तराजूत खोट न केल्याचेही येते. साडेचार शतके या गावाने ते चित्र इतरांसाठी रंगविले. त्याच वेळी आपल्या दारी ते मेन्नाचे जव, नाउनख्तेचा एकतृतीयांश आणि चुकलेल्या महिन्याचे धान्य यांच्या नोंदी करीत राहिले. राजांची थडगी बहुतेक लुटली गेली. त्यांतील काहींच्या लुटीत या गावचेही हात होते, हेही त्यांच्याच काळच्या चौकशीच्या कागदांत लिहिलेले आहे. लिहिणाऱ्यांनी आपले दोष वहीतून खोडले नाहीत. म्हणून आज लक्सरच्या त्या उजाड गल्लीतून चालणाऱ्यास कोणत्या उंबऱ्याआड कोणाचे किती येणे होते, हेसुद्धा सांगता येते. आणि पलीकडच्या दरीत, सोन्याने मढविलेल्या कित्येक राजांविषयी तितकेही सांगता येत नाही.